कथासंग्रह छापायला प्रकाशक चाळीस हजार मागतो, द्यावे का?

लगेच देऊ नका. मी दिले होते. कापूस विकून आलेल्या पैशातून. बदल्यात तीनशे प्रतींचे गठ्ठे घरी आले, तुरीच्या पोत्यांशेजारी ठेवले आणि पावसाळ्यात खालच्या गठ्ठ्याला वाळवी लागली. पुस्तकाच्या दुकानात एकही प्रत गेली नाही, कारण वितरण कोण करणार हे मी विचारलंच नव्हतं.

तुम्ही आधी करार मागा. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात. ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ दिसली तर तिथेच थांबा. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे लावले असतील तर तेही विचारा, तो आपल्याकडे फुकट मिळतो, लेखकाला स्वतःलाही. पानं सोळाच्या पटीत बसवा, फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं, साधारण तेवढ्याचाच असतो.

त्याआधी दोन-तीन कथा दिवाळी अंकांना आणि विदर्भ साहित्य संघाच्या ‘युगवाणी’ला पाठवून पाहा. मानधन मिळेल न मिळेल, पण संपादकाची नजर फिरते.

आणि संवादातली वऱ्हाडी पुसू नका. ‘कुठं चालला बे?’ हे माझ्या पुस्तकात मुद्रितशोधकानं ‘कुठे चालला आहेस?’ करून टाकलं. बसस्टँडवरचा माझा रिकामटेकडा एकदम मास्तर झाला.