एचआयव्ही आणि गे मुलांवरचा, आईसोबत बघता येईल असा पिक्चर कोणता?

ताई, तुम्ही लिहिलंय की वाशीला राहता, भावाने घरी सांगितलंय की तो गे आहे आणि पॉझिटिव्ह पण, आणि आईसोबत बघता येईल असा पिक्चर हवाय, रडारड कमी असलेला. मी ठाण्याचा, स्वतः गे आणि पॉझिटिव्ह, त्यामुळे यातलं बरंच बघून झालंय.

आईसाठी सरळ 'माय ब्रदर निखिल' लावा. २००५ चा, ओनीरचा, हिंदीच आहे म्हणजे सबटायटल वाचायची कटकट नाही. संजय सूरी गोव्याचा स्विमिंग चॅम्पियन, रिपोर्ट येतो, टीममधून काढतात, पोलीस उचलून नेतात, एकट्याला कोंडून ठेवतात, आईवडील पाठ फिरवतात आणि उभी कोण राहते तर बहीण, जुही चावला, आणि त्याचा बॉयफ्रेंड. ते कोंडणं मनाचं नाहीये हां, डॉमिनिक डिसूझा म्हणून गोव्याचा माणूस होता, रक्तदान केल्यावर कळलं, आणि १९८९ मध्ये त्याला ६४ दिवस जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये ठेवलेलं, पिक्चर त्याच्यावरूनच सुचलाय.

पण शेवटी निखिल जातो, हे आईला आधीच सांगून टाका. आणि हे पण सांगा की ती गोष्ट १९९४ पर्यंतची आहे, तीन औषधं एकत्र द्यायची ट्रीटमेंट आली १९९६ ला. गाजलेले बहुतेक पिक्चर त्याच्या आधीच्या काळातले, म्हणून प्रत्येकात कोणीतरी मरतंच, आणि आईलोकांच्या डोक्यात तेच फिक्स बसतं. आता सरकारी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या केंद्रात, गोळ्या फुकट मिळतात, बहुतेकांना दिवसाला एकच, आणि व्हायरल लोड अनडिटेक्टेबल राहिला, म्हणजे रक्तातला व्हायरस टेस्टमध्ये दिसणार नाही इतका कमी राहिला, तर सेक्समधूनही दुसऱ्याला लागण होत नाही. ताटवाटीतून तर कधीच होत नव्हती.

'फिलाडेल्फिया' (१९९३) लोक हमखास सुचवतात, टॉम हँक्सला ऑस्कर वगैरे. चांगलाय, पण त्यात घरचे सगळे गुमान हिरोच्या बाजूने, भांडण ऑफिसशी. आपल्याकडे भांडण घरातच असतं ना. श्रीधर रंगायनचा '६८ पेजेस' (२००७) मिळाला तर बघा, काउन्सेलरची डायरी आणि तिचे पेशंट, त्यात गे जोडपं, ट्रान्स बारडान्सर, मध्येमध्ये जरा लेक्चर वाटतं पण माणसं आपल्या इथली.

तुमच्या स्वतःसाठी '१२० बीट्स पर मिनिट' (२०१७), फ्रेंच, आईसोबत अजिबात नको, भरपूर सेक्स सीन आहेत. पॅरिसमधली ॲक्ट अप म्हणून एड्ससाठी आंदोलनं करणारी संघटना, रॉबिन काम्पियो हा डायरेक्टर स्वतः तिचा मेंबर होता. दर आठवड्याला मीटिंग, टाळ्यांऐवजी चुटक्या, औषध कंपनीत जाऊन खोटं रक्त फेकणं, आणि आपसात पण कचाकचा भांडणं. एक आई आहे त्यात, मुलाला रक्तातून लागण झालेली, ती पण मीटिंगला येऊन बसते. मला सगळ्यात आवडलेला हाच. मरणारे आहेत, पण बिचारे कोणीच नाही.

आता पोलीस येत नाहीत, आता घोडबंदर रोडचा एक डेंटिस्ट म्हणतो तुम्ही पॉझिटिव्ह ना, मग दिवसातली शेवटची अपॉइंटमेंट घ्या. यावरचा पिक्चर मला तरी अजून दिसला नाही. आणि पॉझिटिव्ह आहे म्हणून ट्रीटमेंट नाकारणं, नोकरीवरून काढणं बेकायदा आहे, २०१७ चा कायदा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला, गे संबंध गुन्हा नाही म्हणणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या ३७७ कलमाच्या निकालानंतर चारच दिवसांनी.

बाकी लावायच्या आधी भावाला विचारा, त्याला आईशेजारी बसून बघायचंय की तुम्ही दोघींनीच आधी बघावा. आणि मावशी-काकूंना बोलावू नका, कुणाला सांगायचं ते त्याचं तो ठरवेल.