त्यांची वकिली लिही

चि.,
अनेक आशीर्वाद.

बारच्या, म्हणजे आपल्या वकील संघटनेच्या, स्मरणिकेसाठी दिवंगत वकिलांवर लिहायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय, हे चांगलंच झालं. तू पाठवलेली टिपणं वाचली. भाषा नीट आहे. पण वरची नावं झाकली तर कोण कुठला हे मला सांगता येणार नाही, आणि मी त्या सगळ्यांच्या विरुद्ध बाजूला उभा राहिलेला माणूस आहे. सगळेच ‘निष्णात कायदेपंडित’, सगळेच ‘अजातशत्रू’. अगं, दिवाणी वकील अजातशत्रू कसा असेल? त्यांतल्या एकाने उलटतपासात माझ्या साक्षीदाराची अशी सालं काढली होती की तो गृहस्थ पुढे कितीतरी दिवस मलाच रस्त्यात ओळख देत नव्हता.

आपल्या गावाची यात एक जुनी खोड आहे. पुण्याने वकील लक्षात ठेवले ते कोर्टाबाहेरच्या कामासाठी. गणेश वासुदेव जोशी म्हटलं की १८७० ची सार्वजनिक सभा आणि अंगावरची खादी. महादेव चिमणाजी आपटे म्हटलं की संस्कृत ग्रंथांची संस्था आनंदाश्रम. न. चिं. केळकर साताऱ्याची वकिली सोडून १८९६ साली इथे आले आणि ‘केसरी’चे झाले. घारपुरे वकील म्हणजे १९२४ चं लॉ कॉलेज. ही माणसं मोठीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र घ्यायला सार्वजनिक काका, म्हणजे हेच जोशी, उभे राहिले, तेव्हा कोर्टात त्यांनी नेमकं काय केलं, कुठला साक्षीदार कसा तपासला, हे किती पुणेकरांना सांगता येईल? सभा काढली नाही, कॉलेज काढलं नाही, चाळीस-पन्नास वर्षं फक्त वकिली केली, त्यांचं तर विचारूच नकोस. तुझ्या यादीत नेमके तेच आहेत. म्हणून त्यांची वकिली लिही. रोटरी, गणेशोत्सव मंडळ, वधूवर मेळावे हे सगळं एका ओळीत उरकलंस तरी चालेल.

वकिली लिहायची म्हणजे त्या काळी पोट कशावर भरत होतं ते आधी समजून घ्यायचं. तुझ्या यादीतल्या निम्म्या लोकांची हयात भाडेकरूंच्या दाव्यांत गेली. १९४७ चा मुंबई भाडेकायदा हा पेठांमधल्या वकिलांचा खरा अन्नदाता. प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येईल तेवढं भाडं, म्हणजे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होतं ते. त्यामुळे वाड्यातल्या दोन खोल्यांचं भाडं वर्षानुवर्षं तेवढंच, आणि मालक घायकुतीला आलेला. त्याला ताबा हवा तर स्मॉल कॉज कोर्टात (लघुवाद न्यायालयात) दावा लावायचा, आपली गरज वाजवी आणि प्रामाणिक आहे हे सिद्ध करायचं, आणि ते झाल्यावरही जास्त अडचण कोणाची, मालकाची की भाडेकरूची, हे कोर्ट तोलणार. त्यात १९६१ चं पानशेत. नदीकाठचे वाडे कोसळले, भाडेपावत्या चिखलात गेल्या, आणि पुरावा द्यायचा कशाचा हाच प्रश्न झाला. हे माहीत नसेल तर त्या माणसांचं कसब तुला दिसणारच नाही.

एक प्रसंग सांगतो, उघड्या कोर्टात घडलेला आहे. मालकाचं म्हणणं, मुलाचं लग्न ठरलंय, खोली हवी. मी मालकातर्फे. समोरच्या वकिलांनी (तुझ्या यादीतले दुसरे) लग्नाबद्दल एक शब्द विचारला नाही. वाड्याचा नकाशा त्यांनी म्हाताऱ्याच्या तोंडूनच काढला. चौक कुठे, मोरी कुठे, नळ कुठल्या बाजूला, रात्री कोण कुठे झोपतं. मग अगदी सहज, “आणि माळ्यावर?” “काही नाही, अडगळ.” “कोणाची?” “आमचीच.” “माळा केवढा?” म्हाताऱ्याने अभिमानाने सांगितलं, दहा माणसं जेवायला बसतील एवढा. बसले खाली. दावा तिथेच बुडाला. टिपणात तू त्यांना ‘उलटतपासात वाकबगार’ म्हटलं आहेस. त्याऐवजी हा माळा लिही.

असा उलटतपास छापील निकालांत सापडणार नाही. जिल्हा न्यायालयातलं अपील संपलं की प्रकरण रिट अर्जाने मुंबईच्या हायकोर्टात जायचं. आमचे लोक पहाटे फाइल घेऊन गाडी पकडायचे, हायकोर्टातल्या वकिलांना सगळं समजावून द्यायचे, आणि लॉ रिपोर्टात नावं छापून यायची ती त्या वकिलांची. साक्षीपुरावा ज्याने उभा केला तो कुठेच नाही. (ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, पण पुणे जिल्हा मुंबईकडेच राहिला. तेव्हा तुझ्या पिढीचीही मुंबई काही सुटली नाही.)

म्हणून शोधायचं ते इथेच. ऑनलाइन नोंदी अलीकडच्याच आहेत. जुन्या दाव्याचा नंबर आणि वर्ष मिळालं तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज कर. मुदत संपलेली रेकॉर्डं नष्ट होतात, पण एखादा हुकूमनामा हाती लागतो. घरच्यांकडे वकिलांची डायरी माग. फोटो आणि मानपत्रं ते आपण होऊन देतील, डायरी मागावी लागते. त्यात भावना नसतात. रे. मु. (रेग्युलर मुकदमा, म्हणजे दिवाणी दावा) नंबर, पक्षकारांची नावं, ‘निशाणी ५ वर म्हणणे’ (तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरचं उत्तर), ‘पुरावा’, ‘तहकूब’, पुढची तारीख, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने फी. आली किती, राहिली किती. एकाच नावापुढे वर्षानुवर्षं फीचा रकाना कोरा दिसला तर थांब आणि विचार. मुळशी-मावळातले कुळकायद्याचे पक्षकार पैशांऐवजी तांदूळ आणून द्यायचे, तेही कुठेतरी लिहिलेलं असेल.

फाइली उघडशील तेव्हा जपून. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं काम संपलं तरी गुप्तच राहतं. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम १२६ होतं, आता साक्ष्य अधिनियमात १३२. वकील गेला म्हणून पक्षकाराचा हक्क जात नाही. साक्ष, युक्तिवाद, निकाल हे उघड्या कोर्टातलं. ते खुशाल वापर. वाटपाच्या दाव्यात कोणत्या भावाने चेंबरमध्ये बसून काय कबूल केलं, ते वाचलंस तरी विसर. पुण्यात त्याची नातवंडं तुझ्याच शेजारी राहत असतील.

आणखी एक. यादीत एकही बाई नाही. कॉर्नेलिया सोराबजी इथल्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, पण बायकांना वकिली करायची वाट कायद्याने मोकळी झाली १९२३ साली. त्यानंतरच्या काळात शिवाजीनगरला, आपल्या जिल्हा कोर्टात, उभ्या राहिलेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील, पण होत्या. दोघींना मी स्वतः पाहिलंय. नावं फोनवर सांगतो, घरच्यांना विचारल्याशिवाय छापू नकोस.

सगळ्यांत आधी मात्र कारकुनांना गाठ. घरचे लोक माणूस सांगतात, विरुद्ध बाजूचा वकील कसब सांगतो, पण कुठलं वकीलपत्र साहेबांनी परत केलं आणि का, हे फक्त कारकुनाला माहीत असतं. दोघे-तिघे अजून कोर्टाच्या गेट नंबर चारच्या बाजूला बसतात. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांचा पुकारा, चालू असताना ते कोणाचेच नसतात. दोनच्या सुट्टीत जा, चहा तू सांग, आणि पहिल्याच दिवशी वही काढू नकोस.

तुझा,
काका