दुर्बीण मोठी, फोटोत मात्र रेघोट्या

दीर्घिकांच्या फोटोंबद्दल यावेळी इतके प्रश्न आलेत की ग्रहणाचे सगळे पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका.

प्रश्न (नाशिक): ताई, माझ्याकडे १२ इंची डॉब्सोनियन (डॉब, म्हणजे हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) आहे. अमावास्येला गावाकडे नेली की एम ५१ या दीर्घिकेचे वळसे चक्क डोळ्यांना जाणवतात. पण कॅमेरा लावला की फोकसच लागत नाही, बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) लावून कसाबसा लावला तर सगळे तारे रेघा होऊन येतात. मित्र म्हणतो आरसा कमी पडतोय, १६ इंची घे. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. फोटोसाठी तर मुळीच नको. आरसा वगैरे काही कमी पडत नाहीये, आकाश फिरतंय आणि तुमची दुर्बीण जागची हलत नाहीये, एवढंच झालंय. हिशोब करून बघा ना, १२ इंची डॉबची फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) साधारण १५०० मिमी, त्यावर ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा लावला (हल्ली बऱ्याच अॅस्ट्रो कॅमेऱ्यांत हाच साइझ असतो) तर एका पिक्सेलमध्ये जेमतेम अर्धा आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आकाश मावतं. एम ५१ सप्तर्षींच्या शेपटाच्या टोकाला, मरीचीजवळ, आणि त्या भागात तारे सेकंदाला दहाएक आर्कसेकंद सरकतात. म्हणजे एका सेकंदात वीस पिक्सेल! बार्लो दुपटीचा असेल तर चाळीस. आता रेघा नाही येणार तर काय येणार?

फोकस न लागण्याचं कारण वेगळंय. डॉब बनवलेली असते डोळ्याने बघायला, आणि कॅमेऱ्याचा सेन्सर बॉडीच्या बराच आत बसलेला असतो, त्यामुळे फोकसर पूर्ण आत ढकलला तरी प्रतिमा सेन्सरपर्यंत पोचतच नाही. काही जण मुख्य आरशाचे स्क्रू लांब टाकून आरसा थोडा वर घेतात, जमतं ते, पण मग बघण्यासाठी आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) एक्स्टेंशन लागतं.

पैसे घालायचेच तर माउंटमध्ये, म्हणजे दुर्बीण धरणाऱ्या स्टँडमध्ये घाला. ८ इंची, एफ/४ किंवा एफ/५ ची (फोकल लेंथ आरशाच्या चार-पाच पट) न्यूटोनियन, म्हणजे आरशाचीच दुर्बीण, चांगल्या इक्वेटोरियल (आकाशाबरोबर फिरणाऱ्या) माउंटवर गाइडिंगसकट (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारत) चालवली तर ती बिनट्रॅकिंगच्या १६ इंचीला आरामात मागे टाकते. माउंटवर कंपनी जेवढे किलो लिहिते तेवढे फोटोसाठी धरू नका, निम्म्याच्या थोडंफार वर थांबा. एफ/४ घेतली तर कोमा करेक्टर लागणार, नाहीतर कडेचे तारे धूमकेतूसारखे दिसतात, आणि कोलिमेशन (आरसे एकमेकांशी नीट जुळलेत का ते) दर वेळी गाडीतून उतरवल्यावर तपासायचं. डॉब विकायची नसेल तर तिच्याखाली इक्वेटोरियल प्लॅटफॉर्म (तिला आकाशाबरोबर फिरवणारा पाट) ठेवून छोटी छोटी एक्सपोजर घ्या आणि शेकड्याने स्टॅक करा (एकावर एक रचून एक फोटो करा), सुरुवातीला तेही छान आहे.

एक आपल्याकडची खास अडचण, जी युरोप-अमेरिकेतल्या व्हिडिओंत कोणी सांगत नाही. इक्वेटोरियल माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि नाशिकला ध्रुव जेमतेम २० अंशांवर, म्हणजे तो झाडामागे किंवा धुरकटात. शिवाय एवढ्या कमी अक्षांशावर काही माउंटचा काउंटरवेटचा (तोल साधणाऱ्या वजनाचा) दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो. विकत घेण्याआधी हे विचारा! ध्रुव दिसत नसेल तर प्लेट सॉल्व्हिंगने (फोटोतले तारे ओळखून दिशा काढून) अलाइन करणारी सॉफ्टवेअर आहेत, ती वापरा.

प्रश्न (पुणे): गच्चीवरून दीर्घिकांचे फोटो काढायचेत. लाइट पोल्युशनचा महागडा फिल्टर घेतला तर चालेल का?

उत्तर: तेजोमेघांना (चमकणाऱ्या वायूच्या ढगांना) चालतो कारण ते ठराविक रंगांतच चमकतात. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा प्रकाश, तो सगळ्या रंगांत पसरलेला, रस्त्यावरच्या एलईडीसारखाच. फिल्टर एकाला अडवणार तर दुसऱ्यालाही अडवणारच. शहरी आकाश चौरस आर्कसेकंदाला १८ प्रतीच्या (प्रत म्हणजे उजेडाचं माप, आकडा मोठा तेवढं अंधुक) आसपास असतं आणि चांगलं काळोखी २१.५ च्या, साडेतीन प्रतींचा फरक म्हणजे आकाशच २५ पट उजळ. म्हणजे गावाकडे एका तासात दीर्घिकेचे जे अंधुक हात (वळसे) येतात त्याला गच्चीवर २५ तास. पेट्रोल स्वस्त पडतं! विदर्भात असाल तर पेंच आहे, जानेवारी २०२४ मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं.

पण गच्ची अगदीच वाया नाही हां. एम ८२ सारख्या उजळ, घट्ट दीर्घिका शहरातूनही येतात. २१ जानेवारी २०१४ ला लंडनमध्ये, ढगांच्या फटीतून, युनिव्हर्सिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ३५ सेंमीच्या दुर्बिणीवर प्रॅक्टिकल चालू असताना एम ८२ मध्ये सुपरनोव्हा (ताऱ्याचा स्फोट) सापडला. लंडनमध्ये!

प्रश्न (इयत्ता नववी, लातूर): फोटोतले रंग खरे असतात का? मला दुर्बिणीतून नुसतं राखाडी दिसलं.

उत्तर: खरे असतात, फक्त वाढवलेले. कमी प्रकाशात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत, म्हणून तुला राखाडी दिसलं. कॅमेरा तासन् तास प्रकाश साठवतो. मधला पिवळटपणा म्हाताऱ्या ताऱ्यांचा, हातांतला निळा तरुण ताऱ्यांचा, आणि गुलाबी ठिपके म्हणजे हायड्रोजनचे ढग, जिथे नवे तारे जन्मतायत.

प्रश्न (कोल्हापूर): १४ इंचीतून जास्तीत जास्त किती लांबचं येईल? आणि सीझन कुठला?

उत्तर: सीझन फेब्रुवारी ते मे, सिंह आणि कन्या वर असताना, नंतर पाऊस. देवयानी दिवाळीच्या सुमारास. कन्येतच ३सी २७३ शोधा, १३ व्या प्रतीचा साधा ताऱ्यासारखा ठिपका, पण मार्टन श्मिटने १९६३ मध्ये दाखवलं की तो फार दूरचा क्वेसार (दीर्घिकेचं अतिप्रखर केंद्र) आहे, प्रकाश निघाला साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी. ठिपक्यात मन रमत नसेल तर पावसाळ्यानंतर महाश्वातलं स्टीफनचं पंचक (जवळजवळ दिसणाऱ्या पाच दीर्घिका) घ्या. पाचातल्या चार साधारण २९ कोटी प्रकाशवर्षांवर, एनजीसी ७३२० मात्र ४ कोटींवर, उगाच पुढे उभी राहून फोटोत घुसलेली. मला स्वतःला एखाद्या सुंदर एम ५१ पेक्षा हे पंचक जास्त आवडतं.

प्रश्न (ठाणे): हबल आणि वेब या अंतराळातल्या दुर्बिणी असताना आपल्या फोटोंचा उपयोग काय?

उत्तर: त्यांच्याकडे एकाच जागी बघत बसायला वेळ नसतो, तुमच्याकडे असतो. देवयानी दीर्घिकेचे लाखो फोटो निघालेत, तरी तिच्या शेजारचा ऑक्सिजनच्या प्रकाशातला भलामोठा कमानीसारखा पट्टा ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सँटी या हौशी मंडळींनी पकडला, तोही १०६ मिमीच्या छोट्या दुर्बिणीने, शंभराहून जास्त तास एक्सपोजर देऊन. जानेवारी २०२३ मध्ये तो जाहीर झाला. (तो वायू होता म्हणून फिल्टर चालला, पुणेकरांनी लगेच खरेदीला धावू नये.) तुमच्या फोटोत एखाद्या दीर्घिकेत नवा ठिपका दिसला तर आधी जुन्या फोटोशी ताडून बघा, मग लघुग्रह तर नाही ना तपासा, दुसऱ्या रात्री तो जागेवर आहे का बघा, आणि मग ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर (अशा नव्या ठिपक्यांच्या जागतिक यादीत) त्याची नोंद आधीच झालीय का ते शोधा. बहुतेक वेळा झालेली असते.