तारण, म्हणजे पापातून सुटका, जर देवाच्या कृपेने मिळतं, तर माणसाच्या निवडीला काय अर्थ? आणि एखादा तरला की नाही, हे कसं ओळखायचं?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि अकरा वर्षांपूर्वीचा एक कप चहा आठवला. पण आधी पहिला भाग उरकतो. त्यावर माझ्याहून शहाणी माणसं सोळाशे वर्षं भांडतायत.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियस नावाचा ख्रिस्ती शिक्षक म्हणाला, चांगलं निवडायची ताकद माणसात आहे, वापरा. बिशप ऑगस्टीन म्हणाला, ती इच्छासुद्धा देवच देतो. 418 साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची शिकवण फेटाळली. हजार-बाराशे वर्षांनी, 1618-19 मध्ये, डच लोक डॉर्ट शहरातल्या धर्मसभेत जवळपास तोच वाद घेऊन बसले. तिथे, देवाची कृपा माणसाला नाकारता येते म्हणणाऱ्या आर्मिनियसचे अनुयायी हरले, आणि पुढे मेथडिस्ट चळवळीच्या वेस्लीने त्यांचीच बाजू उचलली. बायबलात प्रेषित पौलाने तर फिलिप्पैकरांच्या पत्रात दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्यात: भीत आणि कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती तुमच्यात घडवणारा देव आहे. माझं मत विचाराल तर हात देव आधी पुढे करतो. तो झिडकारता येतो, पण धरला म्हणून मिरवता येत नाही.

आमच्या नगरकडची एक गंमत सांगतो. 1831 मध्ये तिथे ठाणं मांडणारे अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या कॅल्विनवादी परंपरेतले. कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय, हे ऐकत वाढलेली माणसं समुद्र ओलांडून आली आणि खेड्यापाड्यांत सांगत फिरली की निर्णय घ्या. विसंगती म्हणा हवं तर. तशाच एका निर्णयातून आमचं घराणं ख्रिस्ती मंडळीत आलंय.

आता आजी. एका मिशन दवाखान्यात ती आया होती. बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला, पुढे जाणत्या वयात तो विश्वास स्वतः कबूल करायचा विधी, दृढीकरण. अक्षरओळख नव्हती, पण 'उपासना संगीत' या चर्चच्या गीतपुस्तकातली गाणी तोंडपाठ. एकदा नळावर शेजारणीशी तिचं कडाक्याचं भांडण झालं. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी, आणि कुणाशी भांडण ठेवून तो घेऊ नये असं आजी मानायची. आजी शनिवारी संध्याकाळी तिच्या दारात गेली, "चुकलं माझं" म्हणाली. शेजारणीने दार लावून घेतलं. आजीने प्रभुभोजन घेतलं नाही. त्या महिन्यात नाही आणि त्यानंतरचे तीन महिनेही नाही. पाळकसाहेब घरी येऊन समजावून गेले की तू तुझ्याकडून केलंस, आता घे. आजीचं एकच, "ती बोलू द्या, मग घेईन." चौथ्या महिन्यात शेजारणीने वाटीभर साखर मागितली आणि विषय मिटला. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. साखर द्यायला मलाच पाठवलं होतं, म्हणून ध्यानात आहे.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, बिलिव्हर, म्हणजे येशूला स्वतः स्वीकारलं त्या क्षणीच तारण होतं असं मानणाऱ्यांपैकी. त्यांना स्वतःच्या तारणाची तारीख ठाऊक आहे, वारसुद्धा. आजी थकली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "आजी, तुमचं तारण कधी झालं?" आजी म्हणाली, "मला काय ठावं बाबा. त्याच्या मनात हाय ते."

ती गेली. तिसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेला दाजी साक्ष द्यायला उभे राहिले आणि हे वाक्य सगळ्यांसमोर सांगितलं. उदाहरण म्हणून! तारणाची खात्री नसलेल्या माणसाचं उदाहरण. "आज रात्री तुम्ही मेलात तर कुठे जाल?" असं विचारून खाली बसले. आई पदर तोंडाला लावून बसली होती. नंतर चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. त्यांनी दोन गोष्टी पुढे केल्या. एक, रोमकरांस पत्राचा दहावा अध्याय, मुखाने कबूल करशील तर तुझं तारण होईल. दुसरी, पंडिता रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला, पण ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनीच पुढे लिहिलं. तो त्यांना 1891 च्या सुमारास सापडला. म्हणजे आठ वर्षं नुसताच बाप्तिस्मा. मग तुमच्या आजीचं काय?

मी गप्प झालो. खरं तर उत्तर सोपं होतं. रमाबाईंनी ते स्वतःबद्दल लिहिलं. दुसऱ्याच्या मयतीत उभं राहून लिहिलं नाही.

आणि न्यायाचं म्हणाल तर मत्तयाचा पंचविसावा अध्याय काढा. शेवटच्या न्यायाच्या दिवशी तरलेली मेंढरं उजवीकडे, न तरलेली शेरडं डावीकडे. तिथे दोन्ही बाजू चकित होतात, हे कुणी नीट वाचत नाही. उजवीकडचेही विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिलं? आपलं नाव यादीत आहे याची खात्री असलेला त्या गोष्टीत एकही नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, कोण तरला हे ओळखायच्या भानगडीत पडू नका. तो हुद्दा भरलेला आहे. कुणी तुमच्या माणसाबद्दल असा निकाल देऊ लागला तर तिथेच उठून थांबवा, माझ्यासारखं चहापर्यंत थांबू नका.

हे सगळं मी एकदा बायकोला रंगवून सांगत होतो. ती भाजी निवडत म्हणाली, "म्हणजे देवा, मी दाजींसारखा नाही म्हणून तुझे आभार, असंच ना?" येशूच्या दाखल्यात धार्मिक परूशी असेच आभार मानतो, आणि देवाला पसंत पडतो तो मात्र पापी जकातदार. हा दाखला माहीत असलेल्या बाईशी लग्न करताना विचार करावा.

तर हेही सांगायला हवं. दाजी वाईट माणूस नाहीत. त्यांनी सांगितलेल्या त्या तारखेनंतर त्यांनी दारूला हात लावलेला नाही, आणि बहिणीचा संसार त्या तारखेमुळेच उभा आहे. काहींना तो क्षण लख्ख कळतो, नाकारण्यात अर्थ नाही. तसंच, ज्यांच्या कानावर शुभवर्तमान आलंच नाही त्यांचं काय, हेही तुम्ही खाली विचारलंय. त्यावर मी बोलणार नाही, आजीचं उत्तर वर दिलंय.

पण तारखेचा मुद्दा राहिला. त्याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही, पुण्याला परतताना एसटीत सुप्याच्या जवळपास सुचलं. दाजी, तुम्ही इथे वाचता हे ताई बोलली आहे. आजीला तिची जन्मतारीखही माहीत नव्हती. पेरण्या व्हायच्या होत्या, एवढंच तिची आई सांगायची. तरी ती जन्मली होती, यावर आमच्या गावात कुणी शंका घेतल्याचं ऐकिवात नाही.