खानापूरकडच्या जुन्या दारांना रंग देताना

खानापूरकडच्या जुन्या घराला रंग कसा द्यायचा, असं तुम्ही विचारलंत. तिकडचं घर म्हणजे दारं-खिडक्या सागवानी असण्याची शक्यता बरीच. आधी बिजागरीमागे थोडा रंग खरवडून बघा. आत सागाच्या रेषा सुरेख निघाल्या तर रंगाचा नाद सोडा, पॉलिश करा. असलं लाकूड निळ्या ऑइल पेंटखाली गाडायची आपल्याकडे भारी हौस!

रंगच द्यायचा तर पावसाळ्यात हात लावू नका, लाकूड फुगलेलं असतं. दिवाळीनंतर, दार चौकटीला घासायचं थांबलं की सुरुवात करा. जुन्या थरांत विषारी शिसं असू शकतं. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासूनच लागू झाली. म्हणून कोरडं घासू नका. वॉटरप्रूफ पॉलिश पेपर भिजवून घ्या, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा. लाकूड पूर्ण वाळलं की प्रायमर, भेगांत लांबी (पुट्टी), पुन्हा हलकी घासणी आणि रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला की ओघळ आलेच.

शेड कार्डावरच्या रंगाच्या नमुन्यांवर भाळू नका. माजघर अंधारं असतं. भिंतीवर फूटभर पट्टा मारून सकाळी बघा, रात्री दिव्यातही बघा. शहाबादी फरशीवर फिकट पिवळसर भिंती मला तरी आवडतात. दारांना चकचकीत फिनिश नको, प्रत्येक पोचा दिसतो. मंद चमकेचं सॅटिन घ्या.