वही भरते, पण मुलगा कुरकुरतोच

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. मागेल ते मिळतं, पण कशाचंच अप्रूप नाही. सोलापूरहून आजीनं शेंगाचटणी आणि नवा शर्ट पाठवला, तर 'असला रंग नको' म्हणाला. म्हणून रोज रात्री त्याला 'मी कुणाचा आभारी आहे' हे वहीत लिहायला लावते. तो 'आई, बाबा, पिझ्झा' एवढंच लिहितो. काय करू? – एक आई, पुणे

उत्तर : पिझ्झ्याचं तो अगदी मनापासून लिहितोय, त्यावरून रागावू नका! वही मात्र बंद करा. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते; शुद्धलेखनासारखे आभार लिहून घेतले की मुलं नुसत्या ओळी भरतात.

या वयात वस्तू दिसते, तिच्यामागचे कष्ट दाखवावे लागतात. तुमच्या दारातलंच सांगते. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंचं नाव त्याला ठाऊक आहे? (आणि तुम्हाला?) पुण्यात बऱ्याच भागांत हे काम 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था करते. घरटी महिन्याचे पैसे मिळतात, शिवाय सुका कचरा विकून चार पैसे सुटतात. पण चीज-सॉस लागून तेलकट झालेलं खोकं भंगारात कोण घेणार? हे त्याला त्याच्या लाडक्या पिझ्झ्याच्या खोक्यावरच दाखवा.

मग सुक्याचा डबा त्याच्याकडे सोपवा. दुधाची पिशवी विसळून वाळत घालायची. फुटलेला ग्लास तुम्ही जाड कागदात गुंडाळा, वर ठळक 'काच' त्यानं लिहायचं. डायपर किंवा पॅड कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढतात, तो कशासाठी, तेही सांगा. आठ वर्षांच्या मुलाला कळतं. 'पण आपण पैसे देतो की!' असं तो म्हणेल. कदाचित त्याचे बाबाही म्हणतील. देतोच. त्या पैशांत बोट कापून घेणं धरलेलं नाही, एवढं सांगा.

आता आजी. 'थँक यू म्हण' म्हणत फोन त्याच्या कानाला लावू नका. चटणीला शेंगदाणे किती भाजायचे, उखळात कोण कुटतं, हे त्याला विचारू द्या. आजी अर्धा तास बोलतील, आणि पुढच्या वेळी डबा उघडताना त्याला काहीतरी आठवेल.

रंग आवडला नाही, यात गुन्हा काही नाही. पावती असेल तर शर्ट खुशाल बदलून आणा, फक्त आजींना विचारून.