दावा मुदतबाह्य म्हणून ऑर्डर 7 रूल 11 चा अर्ज आलाय, से (लेखी म्हणणं) काय द्यायचा?

तुम्ही लिहिलंय की वडिलांनी 2014 साली 20 गुंठे विकत घ्यायचं साठेखत (खरेदीचा करार) केलं, खरेदीखताची तारीख त्यात ठरलेली नाही, दावा 2023 ला लावला आणि आता प्रतिवादी म्हणतो, तीन वर्षांची मुदत केव्हाच संपली, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 7 रूल 11 खाली वादपत्रच (तुमचा लेखी दावा) नामंजूर करा.

मी तालुका कोर्टात वकिली करतो. सुरुवातीच्या काळात अशाच एका अर्जावर मी पाच पानी से दिला होता. समोरच्याने कसं फसवलं, पैसे कुणासमोर घेतले, सगळं त्यात. जजसाहेबांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, दाव्यात हे कुठं आहे ते दाखवा." नव्हतंच ते.

या अर्जावर कोर्ट फक्त तुमचं वादपत्र आणि त्यासोबतचे कागद बघतं. प्रतिवादीची कैफियत (दाव्याला लेखी उत्तर), त्याचा बचाव, त्याने आता आणून दिलेली कागदपत्रं यांचा या टप्प्यावर विचार होत नाही. सलीमभाई विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलंय. पण हाच नियम तुम्हालाही बांधतो. दाव्यात नसलेली हकिकत सेमध्ये घालून दावा वाचत नाही.

म्हणून आज रात्री स्वतःचाच दावा प्रतिवादीच्या नजरेने वाचा, विशेषतः 'दाव्यास कारण' हा परिच्छेद. मुदत कायद्याच्या अनुच्छेद 54 प्रमाणे तारीख ठरलेली नसेल तर तीन वर्षं साठेखतापासून नाही, नकार कळल्यापासून मोजतात. नकार कधी कळला हे दाव्यात लिहिलंय का? लिहिलं असेल तर सेमध्ये त्या परिच्छेदाचा क्रमांक द्या आणि सांगा की तो दिवस खरा की खोटा हे पुराव्यानेच ठरेल. तुमची खरी बाजू एवढीच आहे, बाकी मजकूर भरताड.

अडचण कुठे येते? दाव्यासोबत तुम्हीच 2017 ची नोटीस आणि "खरेदी देणार नाही" असं तिचं उत्तर जोडलं असेल, तर दाव्यात काहीही लिहा, कोर्ट तो कागद वाचणारच. लेखणीच्या करामतीने दाव्याला कारण असल्याचा भास निर्माण करणारे दावे उभे राहू देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालय 1977 पासून सांगत आलंय. 2020 च्या दहिबेन निकालात तर वादपत्र मुदतीवरच नामंजूर झालं.

नकार 2019 च्या मध्यावरचा असेल तर मात्र घाबरू नका. कोविडमुळे 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळलाय. तो हिशेब तारखांसकट मांडा. वकीलही हे कधीकधी विसरतात, खोटं कशाला सांगू!

एखादी खरी गोष्ट दाव्यात लिहायची राहून गेली असेल तर त्याच संहितेच्या ऑर्डर 6 रूल 17 खाली दुरुस्तीचा वेगळा अर्ज द्या, आणि तोही आताच. आधी कबूल केलेलं फिरवणारी दुरुस्ती मात्र करू नका, उलट अंगावर येते.

अर्ज मंजूर झालाच तर तो आदेश हुकूमनामा (डिक्री) धरला जातो, त्यावर अपील होतं. जिल्हा न्यायालयात त्याला 30 दिवस असतात, तेव्हा आदेशाच्या नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका.